स्वभावाची मोजपट्टी

विद्यार्थी मित्रांनो, आरंभी एक लहानसे काम करा. खाली तुमच्या स्वभावाचे वर्णन दिले आहे. ते सावकाश वाचा. ते तुम्हाला मुळीच लागू पडत नसेल तर ०, तंतोतंत लागू पडत असेल तर ५, असे गुण ठरवा आणि तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

“घरात तुम्ही जसे वागता तसे बाहेर वागत नाही. अनोळखी माणसांत तुम्ही आधी गप्प राहून अंदाज घेता. एकदा ओळख झाली की मात्र मोकळेपणाने बोलता. मित्र पुष्कळ असले तरी मनातले सगळे सांगावे असे एक-दोनच. मनावर घेतलेले काम तुम्ही तडीस नेता, पण मनावर घ्यायलाच कधी कधी उशीर होतो. तुम्ही किती धडपड करता याची घरच्यांना पुरती कल्पना नाही. कोणी विनाकारण टाकून बोलले तर तुम्ही ते दाखवीत नाही, पण विसरतही नाही.”

किती गुण दिलेत? तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ४ किंवा ५ दिले असतील, असा माझा अंदाज आहे. आता विचार करा. मी तुम्हाला कधी पाहिलेले नाही. तुमचे नाव, गाव, इयत्ता यांतले मला काही ठाऊक नाही. शिवाय हेच वर्णन तुमच्या शेजारच्या बाकावरचा मुलगाही वाचतो आहे, आणि त्यालाही ते आपलेच वाटते आहे! मग हे वर्णन बरोबर असले तरी त्यातून तुमच्याविषयी नवे असे काय कळले?

हा प्रयोग माझा नव्हे. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातील ३९ विद्यार्थ्यांवर तो केला. त्याने त्यांच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे ‘निदान’ दिले. विद्यार्थ्यांनी ते वाचून गुण दिले. सरासरी आली ५ पैकी ४.२६. मग फोररने त्यातले पहिले वाक्य मोठ्याने वाचले आणि असे काही कोणाच्या कागदावर आहे काय, असे विचारले. सगळ्यांचे हात वर झाले आणि वर्गात हशा पिकला. सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि त्यातली बहुतेक वाक्ये फोररने रस्त्यावरच्या वर्तमानपत्रांच्या दुकानातून घेतलेल्या भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती! विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावलीचा त्या मजकुराशी काडीमात्र संबंध नव्हता. रविवारच्या पुरवणीतील राशिभविष्य ‘खरे’ का ठरते, याचे उत्तर यातच आहे. असो, राशिभविष्य हा आजचा विषय नाही.

आजचा विषय नोकरीचा आहे. शिक्षण संपवून तुम्ही अर्ज कराल तेव्हा लेखी परीक्षा आणि मुलाखत यांबरोबर पुष्कळदा आणखी एक कागद पुढे येईल. हल्ली तो संगणकाच्या पडद्यावर येतो. ‘मला माणसांत मिसळायला आवडते : हो / नाही’, ‘मी ठरवल्याप्रमाणे काम करतो : नेहमी / कधी कधी / क्वचित’ अशी पन्नास, शंभर, कधी त्याहून अधिक विधाने. यात चूक-बरोबर काही नाही, मनाला येईल ते उत्तर द्या, असे वर लिहिलेले असते. पण तुमच्या उत्तरांवरून कोणीतरी ठरवणार असते, की हा उमेदवार ‘योग्य’ आहे की नाही. म्हणून हा कागद नक्की काय मोजतो, हे तुम्हाला आधी ठाऊक असलेले बरे.

तुम्ही म्हणाल, फोररचे विद्यार्थी पोरसवदा होते, ते फसले. कंपन्यांचे अनुभवी अधिकारी असे कसे फसतील? नेमकी हीच शंका रॉस स्टॅग्नर या मानसशास्त्रज्ञाने तपासून पाहिली. नोकरभरतीचे काम पाहणाऱ्या ६८ अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पर्सोनेल मॅनेजरांकडून, त्याने एक खरीखुरी व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली, आणि निकाल म्हणून सर्वांना तीच ती १३ वाक्ये दिली. निम्म्या अधिकाऱ्यांनी हे वर्णन थक्क करण्याइतके अचूक असल्याचे सांगितले, आणखी ४० टक्क्यांना ते बऱ्यापैकी बरोबर वाटले. १९५८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली मेख पाहा. चाचणी विकणारा माणूस अधिकाऱ्याला म्हणतो, “साहेब, आधी स्वतःच करून पाहा ना!” साहेब करून पाहतात, वर्णन पटते, आणि चाचणी विकत घेतली जाते. पुढे हजारो उमेदवार तिच्याखालून जातात. चाचणी खरी आहे याचा पुरावा काय, तर ती साहेबांना पटली.

या चाचण्यांचा उगम एका गंभीर प्रश्नात आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या अखंड भडिमारात अनेक सैनिकांची मने खचून जात. हात थरथरत, वाचा बसे, झोप उडे. असे होण्याचा संभव कोणाला अधिक आहे, हे भरतीच्या वेळीच ओळखता येईल काय? १९१७ साली अमेरिका युद्धात उतरल्यावर कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट वुडवर्थ यांनी यासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे द्यावयाची एक प्रश्नावली तयार केली. तिचा प्रत्यक्ष उपयोग होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपले. पण कल्पना मागे राहिली, आणि पुढील दशकांत ती लष्करातून कारखान्यांत व कचेऱ्यांत शिरली.

आज जगात सर्वांत अधिक नाव झालेली चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज चाचणी. कॅथरीन ब्रिग्ज या बाई आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती रचली. कार्ल युंग या स्वित्झर्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली माणसांच्या प्रकारांवर एक ग्रंथ लिहिला होता. त्याचा आधार घेऊन इझाबेलबाईंनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्न तयार करायला सुरुवात केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, यावर टीकाकार फार भर देतात. मला तो आक्षेप तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. मायकेल फॅरेडे तरी कोठे कॉलेजात गेला होता? परीक्षा करायची ती चाचणीची, चाचणी करणाऱ्याच्या पदवीची नव्हे.

तर ती परीक्षा कशी करायची? तुम्ही प्रयोगशाळेत कोणतेही उपकरण हाती घेता तेव्हा त्याला दोन प्रश्न विचारता येतात. पहिला : तीच वस्तू पुन्हा मोजली तर तेच माप येते काय? याला विश्वसनीयता म्हणतात. दुसरा : जे मोजतो असे हे उपकरण सांगते तेच ते मोजते काय? ही सप्रमाणता. काट्याचा पारडा रिकामा असताना तो दर वेळी बरोबर ५० ग्रॅम दाखवीत असेल, तर तो काटा विश्वसनीय आहे, पण सप्रमाण नाही.

पहिला प्रश्न मायर्स-ब्रिग्ज चाचणीला विचारू. ही चाचणी चार जोड्या मांडते. उदाहरणार्थ, पहिली जोडी बहिर्मुख आणि अंतर्मुख यांची. प्रत्येक जोडीतून तुमची एक बाजू ठरते. २ × २ × २ × २ म्हणजे १६ प्रकार झाले. या सोळांपैकी तुम्ही एक, आणि तुमच्या प्रकाराला चार इंग्रजी अक्षरांचे नाव. हे प्रकार जन्मभर फारसे बदलत नाहीत, अशी यामागची कल्पना. पण पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदलतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे.

असे का व्हावे? माणसे पाच आठवड्यांत इतकी बदलतात काय? नाही. दोष कापण्यात आहे. एक उदाहरण घ्या. तुमच्या वर्गातील मुलांची उंची मोजा. फार उंच मुले थोडी, फार बुटकी थोडी, आणि बहुतेक सगळी मधल्या उंचीच्या आसपास. आता सरांनी हुकूम काढला, की १५० सेंटिमीटर व त्याहून अधिक ते ‘उंच’, बाकीचे ‘बुटके’. मधले कोणी नाही. गण्याची उंची सकाळी १५०.४ सेंटिमीटर भरली. गण्या उंच! दिवसभर उभे राहून आणि चालून पाठीच्या मणक्यांमधील गाद्या दबतात, त्यामुळे संध्याकाळी माणूस सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरतो, हे तुम्हाला माहीत असेल. संध्याकाळी गण्या १४९.५ भरला. आता तो बुटका! गण्या बदलला नाही, तो फक्त रेघेच्या अलीकडून पलीकडे गेला. स्वभावाचेही तसेच आहे. पक्के बहिर्मुख थोडे, पक्के अंतर्मुख थोडे, बाकी सगळे आपण मधले. मधोमध रेघ मारायची म्हणजे जिथे गर्दी सर्वांत दाट तिथेच सुरी चालवायची.

आणि अशा रेघा चार आहेत. थोडे गणित करू. समजा, एका रेघेवर तुम्ही दुसऱ्या खेपेलाही त्याच बाजूला राहण्याची शक्यता ८५ टक्के आहे. म्हणजे तशी चांगलीच. मग चारही अक्षरे कायम राहण्याची शक्यता ०.८५ × ०.८५ × ०.८५ × ०.८५ = सुमारे ०.५२. म्हणजे जवळजवळ निम्म्यांचे एक तरी अक्षर बदलणारच. अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९१ साली असे मत दिले, की व्यवसाय-मार्गदर्शनासाठी ही चाचणी वापरण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ही चाचणी वापरू नये, असे तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. हे किती कचेऱ्यांत वाचले जाते, कोण जाणे!

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सगळ्याच चाचण्या एका माळेच्या मणी नव्हेत. मानसशास्त्रज्ञ ज्यांच्यावर अधिक विसंबतात त्या चाचण्या माणसांना प्रकारांत कोंबत नाहीत. त्या पाच गुणधर्मांवर प्रत्येकाचे स्थान दाखवितात : बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ. सरांनी उंच-बुटका न म्हणता सेंटिमीटर सांगितले, तसे हे झाले. यांची मापे पुष्कळशी स्थिर राहतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाला त्या बऱ्यापैकी उतरल्या.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. या मापावरून माणूस नोकरीत कसे काम करील ते कळते काय? १९६५ साली गियन आणि गॉटियर या दोघा संशोधकांनी तोवरचे अभ्यास तपासून नकारघंटा वाजवली : कर्मचारी निवडण्याचे साधन म्हणून व्यक्तिमत्त्व चाचण्यांची सरसकट शिफारस करता येत नाही. पुढे १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी ११७ अभ्यास एकत्र केले. त्यांत सुमारे २४ हजार माणसे होती. पाच गुणधर्मांपैकी कर्तव्यदक्षता हा एकच असा निघाला, की ज्याचा सर्व तऱ्हेच्या कामांशी संबंध दिसतो. पण किती? संबंध मोजण्यासाठी सहसंबंध गुणांक वापरतात. तो ० असेल तर काही संबंध नाही, १ असेल तर पूर्ण संबंध. मापनातील त्रुटींची भरपाई करून घेतल्यावरही हा आकडा आला सुमारे ०.२.

०.२ म्हणजे व्यवहारात काय? चाचणीत सरासरीपेक्षा वर आलेले १०० जण घ्या. संबंधच नसता, म्हणजे नाणे उडवून माणसे घेतली असती, तर त्यांतले ५० जण कामातही सरासरीपेक्षा चांगले निघाले असते. गुणांक ०.२ असताना गणिताने ५६ निघतात. नाण्यापेक्षा सहाने अधिक. उरलेले ४४ कामात सरासरीहून कमीच ठरतात.

एखादी मोठी कंपनी म्हणेल, सहा तर सहा! हजारो माणसे घ्यायची असली तर तेवढाही फायदा थोडा नाही. तिच्या बाजूने हे खोटे नाही. पण तोच हिशेब उलट बाजूने करा. चाचणीत खाली राहिलेल्या, म्हणून परत पाठवलेल्या १०० उमेदवारांपैकी ४४ जण असे आहेत, की ज्यांनी सरासरीपेक्षा चांगले काम केले असते. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी ‘तुझा स्वभाव या कामाला योग्य नाही’ एवढाच निरोप पोचतो. पुष्कळदा तोही पोचत नाही.

आणि ही चूक कधी उघडकीला येत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. थर्मामीटर चुकला तर डॉक्टरांना केव्हातरी कळते, कारण रोगी समोर असतो. येथे ज्याला नाकारले तो समोर उरतच नाही. त्याने काम कसे केले असते ते कोणी पाहत नाही. जे आत आले त्यांतले निम्म्याहून अधिक चांगले निघतात, आणि अधिकारी म्हणतात, पाहा, चाचणीने कशी माणसे निवडली! घेतलेल्यांकडे बोट दाखवून चाचणीची परीक्षा होत नाही. नाकारलेल्यांचे काय झाले असते तेही पाहावे लागते. ते जवळजवळ कोणीच पाहत नाही.

यात भर पडते ती उत्तरांतल्या सोंगाची. थर्मामीटरमधला पारा रोग्याच्या इच्छेने वर-खाली होत नाही. प्रश्नावलीतला होतो. ‘मी कामात टाळाटाळ करतो’ या विधानापुढे नोकरीच्या आशेने बसलेला कोणता माणूस ‘हो’ लिहील? अमेरिकन लेखक विल्यम व्हाइट यांनी १९५६ साली मोठ्या कंपन्यांतील जीवनावर एक पुस्तक लिहिले, आणि त्याच्या शेवटी अशा चाचण्यांना चकवावे कसे याचे एक परिशिष्टच जोडले. चाचण्या करणारेही स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी ‘मी कधीही खोटे बोललो नाही’ अशा धाटणीची विधाने मध्येच पेरली. फार जणांना ‘हो’ म्हटलेत तर तुम्ही सोंग घेता आहात असे समजायचे. युक्ती चांगली, पण हुशार उमेदवार हीही ओळखतो, आणि अडकतो तो बिचारा खरोखरच फार जपून वागणारा माणूस. मग अशा वेळी चाचणी काय मोजते? स्वभाव, की समोरच्याला काय हवे आहे ते ओळखण्याची चतुराई?

मग माणसे निवडावीत तरी कशी? याचे एक उत्तर फार जुने आणि साधे आहे : जे काम करून घ्यायचे ते थोडे करून पाहा म्हणावे. हार्वर्ड विद्यापीठातील ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी बॉस्टनच्या ट्रॅमचालकांसाठी अशी एक चाचणी रचली. १९१३ सालच्या त्यांच्या पुस्तकात तिचे वर्णन आहे. ट्रॅमच्या वाटेत एकाच वेळी माणसे, घोडे, वाहने येतात. त्यांतले कोण रुळावर येण्याचा संभव आहे ते चालकाने क्षणात ओळखले पाहिजे. म्युन्स्टरबर्ग यांनी कागदावर अशा खुणा मांडल्या आणि चालक धोक्याच्या खुणा किती लवकर व किती बिनचूक टिपतो ते मोजले. ‘तुम्ही दक्ष आहात काय?’ असे त्यांनी विचारले नाही. टायपिस्टला टाइप करायला लावावे, टर्नरला लेथवर उभे करावे, शिक्षकाला एक तास घ्यायला सांगावे, तेच हे.

पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींचा पुन्हा ताळा केला. त्यात सर्वांत वर आली ती आखीव मुलाखत, म्हणजे प्रत्येक उमेदवाराला कामासंबंधी तेच प्रश्न आणि गुण देण्याची आधी ठरलेली रीत. तिचा गुणांक ०.४२. कामाचे ज्ञान पाहणारी परीक्षा आणि कामाचा नमुना यांचे आकडेही चांगले होते. कर्तव्यदक्षतेची साधी प्रश्नावली ०.२ च्या घरातच राहिली. आणि ०.४२ म्हणजे तरी काय? वरच्याच हिशेबाने १०० मध्ये ६४. सर्वांत चांगल्या पद्धतीतही ३६ वेळा अंदाज चुकतोच.

तुमच्यापैकी काही जण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याचे स्वप्न पाहत असतील. तिथल्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेनंतर जी सैन्यदलाची निवड मंडळे आहेत, तीही मानसशास्त्रीय चाचण्या घेतात. पण तेथे त्या एकट्या नसतात. मैदानावर गटाने करावयाची कामे असतात, सविस्तर मुलाखत असते, हे सारे काही दिवस चालते, आणि मानसशास्त्रज्ञ, गटाची कामे पाहणारा अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी आपापले मत वेगवेगळे बनवितात. मधल्या सुट्टीत भरलेल्या एका प्रश्नावलीवर कोणाचे भवितव्य ठरवणे आणि हे, यांत पुष्कळ अंतर आहे.

आता शिक्षकांसाठी. फोररचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. दहा-बारा प्रश्नांची एखादी प्रश्नावली फळ्यावर लिहून द्या : आवडता खेळ, आवडता विषय, मोकळ्या वेळात काय करता, असे काहीही चालेल. उत्तरपत्रिका गोळा करा आणि आठवड्याने प्रत्येकाच्या नावाची घडी केलेली चिठ्ठी परत द्या. आत सर्वांना एकच वर्णन. या लेखाच्या आरंभीचे वापरायचे असेल तर मुलांनी हा अंक आधी वाचलेला नसावा. वर्णनात दोन बाजू असलेली वाक्ये घ्यावीत, आणि कोणाला लागेल असे काही लिहू नये. चिठ्ठी शेजाऱ्याला दाखवायची नाही, अशी सक्त ताकीद द्या. गुण आधी गोळा करा, मग पहिले वाक्य मोठ्याने वाचा. खरा प्रकार त्याच तासाला सांगून टाकावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. शेवटी सर्वांच्या गुणांची बेरीज करून मुलांच्या संख्येने भागा. त्या ३९ जणांच्या वर्गात सरासरी ४.२६ आली होती. तुमच्या वर्गाची किती येते?